चाळीच्या अंगणातलं निबिड अरण्य

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जाऊन हसतात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर देवळाच्या कट्ट्यावर बसून सरकार चालवतात. आमच्या ह्यांनी यातलं काहीच केलं नाही. ते मोबाईलवर जंगलातली घरं बघायला लागले. परदेशातला कोणीतरी दाढीवाला एकटाच ओंडक्यावर ओंडका रचतो, आत चूल पेटवतो आणि बर्फाकडे बघत सूप पितो. बोलत काहीच नाही. हे लालबागच्या आमच्या खोलीत, पोटमाळ्याच्या शिडीवर बसून तासन्‌तास ते बघायचे आणि मधेच म्हणायचे, "बघ, वीज नाही, नळ नाही, कोणाची कटकट नाही." शेवटचं कलम ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेलेली. खोलीत कटकट करायला माझ्याशिवाय होतं कोण?

सासूबाईंच्या माहेराकडून ह्यांच्या वाट्याला डोंगरातला एक तुकडा आला होता. रस्ता संपल्यावर पुढे बराच चढ, सगळं रान, मोबाईलला रेंज नाही. तिथे लाकडाची झोपडी बांधायची, कोणाला पत्ता द्यायचा नाही आणि जाऊन राहायचं, असं ह्यांनी ठरवलं. एवढं चढून काम करायला एकही सुतार तयार होईना. मग त्यांनी गिरणगावातल्या माणसालाच सुचेल असा तोडगा काढला. आमच्याकडे दर गणपतीला महाल उभे राहतात, किल्ले उभे राहतात, आणि विसर्जन झालं की नटबोल्ट काढून ट्रकमध्ये भरून निघून जातात. घरही तसंच करायचं. इथे जुळवून बघायचं, सुटं करायचं आणि तिथे एकेक फळी डोक्यावरून वर न्यायची.

रे रोडच्या वखारीतून त्यांनी जुनं सागवान आणलं. कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढून मला दाखवला. एक दार, एक खिडकी, एक चूल, एक खाट.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू कुठे येतेस तिथे? तुला टीव्ही लागतो."

मला ते फार लागलं. या दहा बाय बाराच्या खोलीत मी त्यांच्या आईचं आजारपण काढलं, मुलगी वाढवली, पाहुण्यांच्या पथाऱ्यांवरून उड्या मारत स्वयंपाक केला. आता अख्खं जंगल हाताशी आलं, तर त्यात मला खाटेएवढी जागा नाही. हा माणूस मला सोडून चालला होता. दुसरी बाई असती तर निदान झिंज्या धरून भांडले असते. सागवानाशी काय भांडणार?

मी रागाने म्हटलं, "आधी इथे राहून दाखवा. श्रावणापासून विसर्जनापर्यंत. मग खुशाल जा."

आणि ते कबूल झाले.

श्रावणात आमच्या अंगणावर मंडळाचा मंडप चढतो. वर पत्रे, बाजूला कापड, आणि देखावा सुरू होईपर्यंत आत जागा मोकळी. ह्यांनी मंडपाच्याच कामगारांना हाताशी धरून एका कोपऱ्यात झोपडी उभी केली. एक माठ, सौरदिवा, पोह्यांची पिशवी आणि घोंगडी घेऊन ते आत राहायला गेले. त्या दाढीवाल्यासारखं कोणाशी बोलायचं नाही, असा नियमही स्वतःला घालून घेतला.

आता आमच्या मंडळात दोन गट आहेत, वरच्या माळ्यांचा आणि तळमाळ्याचा. देखाव्याचा विषय गुप्त ठेवायचा ही जुनी रीत, आणि एकमेकांना काही विचारायचं नाही ही त्याहून जुनी. झोपडी बघून वरच्यांना वाटलं, तळमाळ्याने परस्पर देखावा ठरवला. तळमाळ्याला वाटलं, वरच्यांनी. विचारलं तर आपल्याला कोणी विचारलं नव्हतं हे उघड होणार, म्हणून दोघांनीही सगळं माहीत असल्यासारखा चेहरा केला आणि आपापली भर घालायला सुरुवात केली.

वरच्यांनी प्लायवूडची झाडं लावली. तळमाळ्याने दुसऱ्या दिवशी त्याहून उंच झाडं लावली. मग वेली आल्या, मग मोटरवर चालणारा धबधबा आला. मग वायपरच्या मोटरवर मान हलवणारा वाघ आला. त्याला उत्तर म्हणून अस्वल आलं. स्पीकरमधून कोकीळ ओरडायला लागली, आणि तिच्या अंगावर दुसऱ्या गटाचा मोर. दोन आठवड्यांत अंगणात असं निबिड अरण्य झालं की ह्यांची झोपडी मलाच शोधावी लागायची.

मी डबा द्यायला गेले की हे खिडकीतून कुजबुजायचे. माझ्यापुरती त्यांनी नियमात सूट ठेवली होती. "माझ्याकडे वीज नाही आणि त्या धबधब्याने भिंत थरथरते. त्यांना सांग ना जरा."

"अरण्यात धबधबे असायचेच," मी म्हणायचे आणि डबा तसाच परत आणायचे. जंगलात डबा कोण देतो?

मी कोणालाही काही सांगितलं नाही. माझा राग होताच तेवढा.

पण देखाव्याला सामाजिक संदेश लागतो. झोपडीत म्हातारा आहे, एकटा आहे, पोहे भिजवून खातो, एवढ्यावर दोन्ही गटांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. गणपती आले त्या दिवशी स्पीकरमधून एक जाड, रडका आवाज घुमला. "पाहा, पाहा हा अभागी जीव. ज्या घरासाठी याने हाडांची काडं केली, त्याच घराने याला वनात धाडलं."

ते घर म्हणजे मी. सगळ्या चाळीला ठाऊक होतं. दर पाच मिनिटांनी माझी बदनामी व्हायची आणि मधे कोकीळ. समोरची मालवणी आजी दारात येऊन बसली. म्हणाली, "काय गो, भांडलात काय? घोवाक असो भायर टाकतत?" ठाण्याहून मुलीचा फोन आला. तिला कोणीतरी व्हिडिओ पाठवला होता. "आई, काय चाललंय? सासरचे सगळे बघतायत. घरात घे त्यांना."

"तुझ्या बाबांना सांग, मला झोपडीत घ्या म्हणून," असं म्हणून मी फोन ठेवला.

बाहेर रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. ह्यांना लोक बाहुला समजत होते. डोळ्यांची उघडझाप किती खरी, मोटरचा आवाजसुद्धा येत नाही, अशी चर्चा चालायची. ते पोहे खायला लागले की टाळ्या पडायच्या. बिचारे उपाशी राहिले असते, पण मग लोक म्हणायचे, बिघडला वाटतं, आणि कार्यकर्ते स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा बांध फुटला. मी खाली उतरले आणि थेट आत शिरायला गेले. बाहेरून बोलावलेल्या कार्यकर्त्याने दोरी आडवी धरली. "काकू, लाईनीत या."

"अरे, तो माझा नवरा आहे."

"सगळ्या असंच सांगतात, काकू."

लग्नाच्या नवऱ्याचं तोंड बघायला मी रांगेत उभी राहिले. पुढे अंबरनाथहून आलेलं कुटुंब, मागे कॉलेजच्या मुली. खिडकीपाशी पोचले तेव्हा रागाचं पाणी झालं होतं आणि ते डोळ्यांत आलं होतं. हे वाळले होते. दाढी वाढली होती.

"एकच विचारते," मी म्हटलं. "माझा एवढा कंटाळा आलाय का तुम्हाला?"

मागच्या रांगेने माना पुढे काढल्या. देखाव्यात संवादही आहेत असं त्यांना वाटलं असावं.

ह्यांनी नियम मोडला. अगदी हळू म्हणाले, "तुझा कसला कंटाळा? मी त्या खोलीत जन्मलो, तेव्हा आत अकरा माणसं होती. आपल्याकडे दिवसा दार लोटलं तरी शेजारी येऊन विचारतात, काय झालं, कोण गेलं. मला जन्मात एकदा आतून कडी लावून बसायचंय गं. आत कोणी नसताना. एवढंच."

"मग तसं सांगायचं. टीव्हीचं काय सांगितलंत?"

"लाज वाटली. या वयात कडीसाठी जंगलात जातो म्हणून काय सांगायचं?" त्यांनी आतल्या खाटेकडे बघितलं. "दुसरी खाट टाकतो. तुला सोडून नाही जात. तू आत ये, जागा बघ. मी मंडपाच्या सुताराकडून टेप आणतो."

मला एकदम हलकं वाटलं. ते दार उघडून बाहेर आले तसा रांगेत हाहाकार उडाला. बाहुला चालतोय म्हणून कॉलेजच्या मुलींनी मोबाईल वर धरले आणि तो सगळा घोळका त्यांच्या मागे सुताराकडे गेला.

मी आत गेले. साडीचा पदर खोचला आणि वितीने जागा मोजली. चूल जरा खिडकीकडे सरकवली तर दुसरी खाट आरामात बसत होती. वर मधे पाट ठेवण्याएवढी जागाही उरत होती.

घोळका परत यायच्या आधी खिडकी ओढून घ्यावी म्हणून मी ती लावली. मग दारही लावलं. मग कडी घातली, कशी असते ते बघायला.

बाहेर धबधबा चालू होता, स्पीकरमधला तो रडका आवाज अभाग्या जिवाबद्दल सांगत होता. पण आत कोणी नव्हतं. कोणाला चहा हवा नव्हता, कोणी चष्मा शोधत नव्हतं. माहेरी आम्ही सात जण, मग ही खोली. साडी बदलायलासुद्धा मी कायम कोणाला तरी तोंड फिरवायला सांगितलं होतं. मी खाटेवर पाय पसरून बसले. मला रडू आलं, आणि ते कोणी बघत नाही म्हणून आणखी आलं. पुसायची घाई नव्हती.

दारावर टकटक झाली. "अगं, टेप आणली. बसते का दुसरी खाट?"

मी कडीकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही बसत. तुम्ही घरी जाऊन जेवून घ्या."