बिल्ला नंबर सतरा

चहा घ्या आधी, मग ऐका. हसायचं असेल तर शेवटी हसा, कारण मधला भाग आठवला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. कोथरूडचा रहिवासी, एकतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवलेला, भुताखेतांना मानणाऱ्यांची चारचौघांत टिंगल करणारा मी, एका भुताला लेखी सूचना देऊन बसलो. वर भुताकडून ती मिळाल्याची पोचही आली.

झालं असं, की हडपसर मागे टाकून बरंच पुढे गेलं की लढाईच्या काळातला एक जुना लष्करी विमानतळ आहे. आहे म्हणजे होता. धावपट्टीच्या फटींतून बाभळी उगवल्या होत्या आणि तिथे फक्त शेळ्या उतरायच्या. आता त्या जागेचं नशीब फिरलं. एका टोकाला विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने येणार आणि दुसऱ्या टोकाच्या, विमानं ठेवायच्या जुन्या हँगरमध्ये विमानदुरुस्ती शिकवणारं प्रशिक्षण केंद्र. वर्कशॉप मांडून द्यायला त्यांना एक निवृत्त शिक्षक हवा होता. मी घरी विचारलं, तर आमची सुनंदा म्हणाली, "जा. डबे घासून झाले की तुम्ही झाकणं मोजता, त्यापेक्षा तिकडे काहीतरी मोजा."

तुम्ही कधी रिकामा हँगर पाहिलाय? पाहू नका. दहा हत्ती शेजारी शेजारी उभे राहतील एवढी जागा आणि आत एक टेबल. रंगाच्या तीन हातांखालूनही भिंतीवरची जुनी इंग्रजी अक्षरं वर येत होती. ऊन चढलं की छपराचे पत्रे तापायचे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुणीतरी बूट घालून सावकाश चालत गेल्यासारखा आवाज यायचा. पत्रा तापला की वाजणारच, हे मी एकतीस वर्षं पोरांना शिकवलंय. पण तो आवाज नेमका माझ्या डोक्यावर येऊन थांबायचा, त्याचं काय करायचं?

बाहेर खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी जुनी कापडी पिशवी लोंबत होती. बाभळीचं पानसुद्धा हलत नसताना ती हळूहळू फुगायची आणि तोंड हँगरच्या दाराकडे वळवायची. मी तिकडे बघणं सोडून दिलं.

गेटवर बबनराव होते. पंचावन्नच्या आसपासचे, शेजारच्याच गावचे. त्यांच्या आज्याची जमीन या विमानतळात गेली होती आणि आता त्यांची मुलगी रूपाली इथे पहिल्या तुकडीत शिकणार होती. पहिल्या तुकडीत तीस मुलं. पण तपासणी होऊन मंजुरी मिळेपर्यंत सगळ्यांचे प्रवेश अधांतरी. रोज सकाळी गेट उघडताना बबनराव एकच विचारायचे, "सर, तपासनी कवा हाय?"

पहिल्याच दिवशी माझी जुनी स्कूटर बघून ते म्हणाले, "सर, लई वाजतीय. बघू का जरा?"

"हात लावायचा नाही," मी म्हणालो. "मी फिटर आहे."

आता तुम्हाला हत्यारांचा नियम सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावर उभं आहे. विमानाच्या कामात पाना आत विसरून चालत नाही. इंजिनात राहिलेला एक पाना अख्खं विमान खाली आणतो. म्हणून भिंतीवर मोठा फळा असतो, त्याच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या रंगात रंगवलेला, आणि आकारावर ते हत्यार टांगलेलं. कुणी हत्यार काढलं, की त्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला लावायचा. संध्याकाळी एक जरी काळा आकार उघडा दिसला, तर दार बंद. हत्यार सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

रंगारी, वायरमन आणि बबनराव यांना गोळा करून मी यावर पाऊण तास भाषण ठोकलं. "प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी बिल्ला लावल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही!" नवे बिल्ले एक ते सोळा. बबनरावांनीही हात पुढे केला, तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही गेटवर असता, तुम्हाला कशाला?" त्यांनी हात मागे घेतला.

आठवडाभरात रंगारी, वायरमन काम संपवून गेले. सगळे बिल्ले माझ्या ड्रॉवरमध्ये परत आले. एवढ्या मोठ्या माळावर उरलो मी आणि बबनराव. आणि तिसरा.

डबा खाल्ल्यावर दीड ते तीन मी केबिनमध्ये खुर्ची मागे टेकवून पडायचो. मी पुण्याचा आहे, जास्त खुलासा करत नाही. मंगळवारी उठून बाहेर आलो, तर फळ्यावर दहा-अकराच्या पान्याची जागा रिकामी. नुसता काळा आकार. त्याच्या खिळ्यावर एक बिल्ला. आमचा नव्हे. जाड, कडा झिजून गोल झालेला, मध्ये आकडा ठोकलेला: सतरा.

मी जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत आलो तर पाना जागेवर, बिल्ला गायब. पान्याला हात लावला. तो गरम होता.

बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. पाना जायचा, सतरा नंबर लागायचा, तासाभरात पाना परत, पुसून लख्ख, रॉकेलचा वास येणारा. आता सरळ बबनरावांना विचारायचं, नाही का? पण त्यांच्यासमोरच मी अंधश्रद्धेवर बोललो होतो. शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी इथे कोण असतं हो?"

"कोन असनार सर? तुमी आन मी."

"पूर्वी इथे सतरा नंबर कुणाचा होता?"

बबनराव एकदम सावरून उभे राहिले. "माझ्या बापाचा, सर. ह्याच हँगरमदी हुते. लई शिस्तीचं मानूस. पाना जाग्यावर गेल्याबिगर घरी यायचे न्हाईत."

"आणि आता?"

"आता कुठलं सर. वारले. पर त्येंचा..."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. छपरावरून कुणीतरी चालायला लागलं होतं.

त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की स्कूटर वाजायची थांबलीय. दोन वर्षं मान टाकून बसलेला आरसा ताठ उभा होता. ब्रेक लागत होता. घरी जाऊन मी दबक्या आवाजात सुनंदाला सगळं सांगितलं. तिने शांतपणे भाजी परतली आणि म्हणाली, "वारलेला माणूस येऊन स्कूटर दुरुस्त करतो? तुम्ही जिवंत असून कधी पुसली नाहीत. उद्या मिक्सर घेऊन जा, भांडं नीट बसत नाहीये."

मिक्सर नेला नाही. पण तपासणीची तारीख आली. दुपारी दोनची वेळ. ऐन तपासणीत पाना गायब दिसला तर मंजुरी गेली, तीस पोरांचं वर्ष गेलं, आणि रोज गेट उघडणाऱ्या त्या माणसाला मी काय तोंड दाखवणार? तुझ्याच बापाने केलं म्हणून सांगू? मग मी तेच केलं, जे अडचणीत सापडलेला पुणेकर करतो. पाटी लिहिली. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी ती फळ्याशेजारी लावली:

"श्री. बिल्ला क्र. १७ यांस. उद्या तपासणी आहे. दुपारी १ ते ४ हत्यारे नेऊ नयेत. आपली शिस्त सर्वांस ठाऊक आहेच. कळावे."

सकाळी नऊला आलो. पाटीखाली निळ्या खडूने, थरथरत्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता.

"बरं."

चष्मा नाकावरून घसरत होता, त्याचा स्क्रू पिळला आणि पुन्हा वाचलं. "बरं"च होतं. जवळ जाऊन हुंगलं. रॉकेलचा वास.

आणि तपासणीच्या मॅडम दोनऐवजी साडेअकरालाच आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, विमानांच्या कामात आयुष्य गेलेल्या. त्या थेट फळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मीही बघितलं. दहा-अकराच्या जागी काळा आकार. सतरा नंबरचा बिल्ला.

"पाना कुणी नेलाय?"

"सतरा नंबरने."

"बोलवा त्यांना."

"ते वारलेत, मॅडम."

मॅडमचं पेन थांबलं. "कधी?"

"बरीच वर्षं झाली. पण आणून ठेवतात. आजवर एकदाही चुकले नाहीत."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे. सावकाश वाचली. "हे अक्षर कुणाचं?"

"वरचं माझं."

"आणि खालचं?"

तेवढ्यात बाहेरून पावलं वाजली. छपरावर नव्हे, जमिनीवर. दाराच्या उजेडात एक काळी आकृती उभी राहिली, हातात पाना. आकृती आत आली, पाना पुसून खिळ्याला लावला, बिल्ला काढून शर्टाला घासला आणि खिशात टाकला.

"सर," बबनराव म्हणाले, "मागच्या चाकाचा नट लई ढिला हुता. सकाळी तुमी गेटातनं हलत आलात तवाच दिसलं. चिठ्ठीत एक ते चार नगं लिवलं हुतं, म्हून आत्ताच उरकलं."

"हा बिल्ला?" मॅडमनी विचारलं.

"बापाचा. हितलं काम बंद झालं तवा घरी आनला हुता. सर म्हनले, बिल्ल्याबिगर हात लावायचा न्हाई. आन मला तर दिला न्हाई."

"मला सांगायचं की हो," मी पुटपुटलो.

"तुमी झोपल्यालं असता. आन सतरा नंबर कुनाचा म्हनून इचारलंत, तवा मला वाटलं, समजलं सरांना. काल तर तुमी मला श्री लिवलं, सर. मला आजवर कुनी श्री लिवलं न्हाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी काही लिहिलं नाही. त्या फळा मोजायला लागल्या. शेवटच्या ओळीत थांबल्या. तिथे सगळ्यात छोट्या स्क्रू ड्रायव्हरचा काळा आकार उघडा होता. आणि खिळ्यावर बिल्ला नव्हता.

"दार बंद करा," मॅडम म्हणाल्या.

दीड तास शोधलं. टेबलाखाली, पेट्यांमागे, गटारात. बबनराव ओणवे होऊन झाडूने एकेक कोपरा काढत होते, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम उन्हाचा नव्हता, रूपालीच्या काळजीचा होता. मी मात्र अजून मॅडमना बजावत होतो, "हे सतरा नंबरचं काम नाही हं. ते बिल्ला लावतात."

बबनराव उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमच्या खिशाला पेनाशेजारी काय अडाकलंय?"

चष्म्याचा स्क्रू पिळला होता ना मी सकाळी? त्या "बरं"साठी?

मंजुरी मिळाली. तीसच्या तीस मुलं शिकतायत, रूपाली हँगरची किल्ली सांभाळते आणि हत्यारांच्या शिस्तीचा पहिला तास मॅडमच्या सांगण्यावरून बबनराव घेतात. अहवाल मी पाठ केलाय, कारण त्यात शेरा एकच आहे: "हत्यारांची शिस्त उत्तम. अपवाद: प्रशिक्षक."

माझी पाटी काढली. आता तिथे दुसरी आहे, निळ्या खडूतली, थरथरत्या अक्षरातली: "श्री. सर यांनी घरी जाताना खिसे दाखवावेत."

खाली मी लिहिलंय, "बरं."