जातीचा रकाना

"तुमच्या लोकांच्या हाती किल्ली दिली का असंच होते."

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे सचिव साहेब हे सगळ्यांसमोर म्हणाले. खोलीत सात जण होते. प्राचार्यांनी चहाचा कप उचलला. होस्टेलच्या वॉर्डन बाई हसल्या. थोडंसंच. मी उभी होती. मला बस म्हटलं नव्हतं कोणी.

सौंसरच्या त्या खाजगी कॉलेजात मी कॉम्प्युटरचं काम पाहत होती. रामाकोन्याहून बसनं जायची. बाप संत्र्याच्या बागेत मजूर. घरातली पहिली पदवी माझी. कॉलेजचं वेब ॲप्लिकेशन मी बनवलं. प्रवेश, हजेरी, होस्टेल, सगळं त्याच्यात. कोणाच्या लॉगिनला काय दिसेल, हेही माझ्याच हाती. जातीचा रकाना मी फक्त शिष्यवृत्तीच्या बाबूंना ठेवला होता. मुद्दाम. शाळेत मास्तर म्हणायचे, "स्कॉलरशिपवाले, उभे राहा." आम्ही पाच जण उभे राहायचो. त्या दिवसापासून डबा खायला आम्हाला वेगळी जागा असायची.

तरीबी जुलैत सचिव साहेबांचा फोन आला, "वॉर्डन बाईंच्या लॉगिनला तो रकाना खोलून द्या," आणि मी दिला. काहून म्हणून विचारलं नाही. एक खूण केली, सेव्ह केलं. अर्धा मिनिटही लागला नाही.

महिन्याभरानं पहिल्या वर्षाची एक पोरगी माझ्या टेबलाजवळ आली. बोरगावची.

"ताई, आमच्या खोल्या कॉम्प्युटरनं लावल्या म्हणते वॉर्डन बाई. खरं हाय का?"

"काहून? काय झालं?"

"संडासाजवळच्या दोन खोल्यांत आमच्याच पोरी हायेत. पाण्याचा माठबी वेगळा ठेवला. मी तं कोणाले जात सांगितली नव्हती, ताई. त्याइले कशी माहीत पडली?"

कोणी काय उघडलं, त्याची नोंद ॲप्लिकेशनमध्ये राहते. मी ती काढली. खोल्या लावल्या त्या दिवशी वॉर्डन बाईंनी एकेका पोरीचा तो रकाना उघडला होता. आणि परवानगी देणाऱ्याच्या जागी माझं नाव.

खोटं बोलता आलं असतं. तिला कॉम्प्युटरातलं काय समजणार होतं?

"कॉम्प्युटरनं नाही लावल्या," मी म्हटलं. "बाईनं लावल्या. अन् तिले तुमची जात दाखवली मी."

ती म्हणाली, "तुम्ही तं आपल्यातल्याच ना, ताई?"

आणि गेली. सचिवांचं बोलणं नंतरचं. माझ्या तोंडात मारलं ते या पोरीनं.

मी लगेच तो रकाना बंद केला. वॉर्डन बाईंनी तक्रार केली. दुपारी मला बोलावलं. किल्लीचं ते बोलणं झालं, आणि साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"खोला. आत्ता. इथंच."

"नाही खोलत."

"क्या बोली?"

"नाही खोलत, साहेब. बाईंना जात कायले पाहायची आहे, ते लिहून द्या. सही करून."

"तू कोण मागणारी?"

इतके दिवस मॅडम होती. एका वाक्यात तू झाली. हात मी लॅपटॉपला लावला नाही.

दुसऱ्या दिवशी माझं लॉगिन बंद. नोकरी गेली. नागपूरहून दुसरा माणूस आणला, त्यानं रकाना परत खोलून दिला.

मी पांढुर्ण्याला जाऊन कलेक्टर ऑफिसात या खोल्यांचा अर्ज दिला. खाली बोरगावच्या त्या पोरीचीही सही आहे. पहिलंच वाक्य, "परवानगी मी दिली होती." तिथला बाबू म्हणाला, "हे काहून लिहिता? तुम्हीच अडकाल."

"राहू द्या," मी म्हटलं.

मागच्या हप्त्यात सचिवांचा माणूस घरी आला. अर्ज मागे घ्या, तुमच्या पोरीला परत कामावर घेतो म्हणाला. बाप म्हणाला, "तिले विचारा."

मी नाही म्हटलं. पोरी अजून त्याच खोल्यांत आहेत. मी दर सोमवारी पांढुर्ण्याला जाऊन राहिली. बाबू दर वेळी नवीन कारण सांगते. सांगू दे. खोल्या बदलेपर्यंत मी जाणार, आणि बदलल्यावर विचारणार, की लावल्या कोणी, कोणाच्या हुकमावरून. त्या कागदावर माझं नाव आहे. त्यांचंही येईल.