हॉलबेक नुनाटकवरचा लाल डबा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं लिहिताना हात अडतो. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारा, बाहेरची बाधा... यातलं काहीच आमच्याकडे चालत नसे. लहानपणी वस्तीत कुणी भुताची गोष्ट काढली की बाबा विचारायचे, "तू स्वतः पाहिलं का? नाही ना? मग गप जेव." या ग्रुपवरचे तुमचे अनुभव वाचतानाही माझ्या मनात पहिला प्रश्न तोच येतो. पण आज माझीच पंचाईत आहे — कारण मी स्वतः पाहिलं.

बाबा चंद्रपूरकडच्या चुनखडीच्या खाणीत सुरुंगासाठी भोकं पाडायचे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. नागपूरला जिऑलॉजीत एम.एस्सी. केलं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ओहायोतल्या एका युनिव्हर्सिटीत असिस्टंटशिप मिळवून आलो. हे मिरवायला सांगत नाही... बरं, थोडं मिरवायलाच सांगतो. कष्टाचं आहे.

आमच्या डिपार्टमेंटची माणसं दर वर्षी अंटार्क्टिकाला सर्व्हेला जायची. मी गेलो नाही. मी तिसऱ्या मजल्यावरच्या मॅप रूममध्ये बसायचो. माझं काम असं : टीमने आणलेल्या वह्या वाचायच्या, त्यांनी कुठून कुठे किती मैल प्रवास केला ते नकाशावर मांडायचं, आणि नेव्हीच्या विमानांनी वीसेक वर्षांपूर्वी वरून काढलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोंशी जुळवायचं. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि वर स्टिरिओस्कोप — दोन भिंगांचा एक छोटा स्टँड — ठेवून बघायचं. डोळे स्थिरावले की सपाट कागदातून डोंगर उभा राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीत मागे सरकलो होतो.

जागा पक्की झाली की मग नाव. तिथल्या बहुतेक डोंगरांना नावंच नव्हती. टीमने नाव सुचवायचं, कारण लिहायचं, अचूक जागा द्यायची, आणि कागद वॉशिंग्टनच्या समितीकडे पाठवायचे. मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही, की नावं फक्त मोठ्या साहेबांची नसायची. स्वयंपाकी, रेडिओवाला, ट्रॅक्टर चालवणारा... ज्याने तिथे नेटाने काम केलं, त्याच्या नावाचा कडा, त्याच्या नावाची हिमनदी. मी बाबांना पत्रात हे लिहिलं, तर त्यांना खरंच वाटेना. ते ज्या टेकडीला आयुष्यभर भोकं पाडत होते, तिचं नाव कंपनीच्या कागदावर नुसतं 'ब्लॉक चार' होतं.

त्या वर्षी एक नाव अडलं होतं. व्हर्न हॉलबेक. हा टीमचा मेकॅनिक, स्नोमोबाइल दुरुस्त करणारा. शाळा अर्धवट सोडलेला माणूस. आमचे प्रोफेसर एलन आणि व्हर्न, दोघंच मुख्य कॅम्पपासून लांब एका नुनाटकपर्यंत गेले होते. नुनाटक म्हणजे चहूकडच्या बर्फातून वर आलेलं खडकाचं टोक. पोचले तेव्हा ढग इतका खाली होता की खडक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळेना. नमुने गोळा करताना प्रोफेसरांनी गॉगल काढला आणि त्यांचे डोळे गेले. स्नो ब्लाइंडनेस — ढगाळ दिवशीही बर्फावरच्या प्रकाशाने डोळे असे भाजतात. वर दोन दिवस वादळ. व्हर्नने त्यांचे डोळे बांधले, त्यांना तंबूत ठेवलं, आणि मधल्या वेळात पुढच्या सर्व्हेवाल्यांना खूण म्हणून दगडांची रास रचली. मग येताना वाटेत खुणेसाठी रोवलेले बांबू शोधत शोधत त्यांना परत आणलं. प्रोफेसरांचे डोळे पुढे बरे झाले. व्हर्न मात्र घरी आल्यावर चार महिन्यांत हार्ट अटॅकने गेला. मी अमेरिकेत पाऊल ठेवलं ते त्यानंतर. म्हणजे मी त्याला कधीच पाहिलेलं नाही. हे लक्षात ठेवा.

प्रोफेसरांना त्याच खडकाला व्हर्नचं नाव द्यायचं होतं. आणि तो खडक सापडत नव्हता!

वहीत लिहिलेलं अंतर बावन्न मैल. स्लेजच्या मागे एक चाक बांधलेलं असतं, त्याचे फेरे मोजून हे अंतर काढतात. दिशा होकायंत्राची. मी बावन्न मैलांवर टिंब दिलं, तर तिथे निव्वळ बर्फ. तिकडे होकायंत्र बरंच भरकटतं, म्हणून ती दुरुस्ती उलटसुलट करून पाहिली. तरी बर्फच. आसपास विखुरलेली अकरा नुनाटकं होती. कोणतंही असू शकलं असतं.

"सर, दुसरा एखादा चांगला उंच डोंगर देऊ या ना त्याच्या नावाने," मी म्हणालो.

"उंच नकोय मला," ते म्हणाले. "तो माणूस मला घेऊन जिथे थांबला, ते हवंय. बाकीचे डोंगर पुष्कळ आहेत, दुसऱ्यांना द्या."

प्रोफेसर त्या उन्हाळ्यात रिटायर होणार होते. समितीकडे कागद पाठवायला तीन आठवडे उरले होते. ते गेल्यावर एका मेकॅनिकच्या नावासाठी कोण भांडणार?

आणि व्हर्नची बायको मला रोज भेटायची. डोरोथी. युनिव्हर्सिटीच्या कॅफेटेरियात सूपच्या काउंटरवर. साठीची, ठेंगणी, केसांवर जाळी. वाडग्यात दोन डाव सूप घालायची आणि विचारायची, "सापडला का माझा नवरा, हनी?"

"अजून नाही, मिसेस हॉलबेक."

"खा नीट. उपाशी माणसाला काही सापडत नसतं."

माझा रूममेट संजय, पुण्याचा, हे ऐकून हसायचा. "यार, तू मेलेल्या माणसाचा पत्ता शोधतोयस. अमेरिकेत येऊन पोस्टमन झालास!"

आता तो दिवस सांगतो. फेब्रुवारी, मंगळवार, सकाळचे अकरा. बाहेर रात्रभर पडलेला बर्फ, वर लख्ख ऊन, खोलीत भरपूर उजेड. मी झोपेत नव्हतो, उपाशी नव्हतो, ताप नव्हता. भिंगाखाली जो जोडफोटो होता तो मी पन्नासदा तरी पाहिलेला. त्यातली तीन नुनाटकं मला तोंडपाठ होती.

नेहमीसारखे डोळे स्थिरावले. खडक उभे राहिले. आणि मधल्या नुनाटकच्या खांद्यावर... दगडांची रास होती.

ठिपका नव्हे. रास. खाली तीन रुंद चपटे दगड, वर लहान होत गेलेले, आमच्याकडे शेताच्या बांधावर रचतात तसे. एकेक दगड वेगळा दिसत होता. आणि सगळ्यात वरच्या दगडाखाली एक डबा अडकवलेला. लाल डबा. फोटो काळापांढरा — डबा लाल.

घाबरलो का? नाही. त्या क्षणी नाही. डोक्यात एवढंच आलं की हे हलायच्या आत खूण करायला हवी. आमच्या कामात पक्क्या जागेला बारीक टाचणी टोचतात आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने नंबर लिहितात. मी भिंगातून नजर न काढता हाताने टाचणी चाचपली आणि टोचली. नंबर लिहिला. पुन्हा डोळे लावले.

नुसता खडक. भोक होतं, रास नव्हती.

मी भिंग बाजूला सारलं. तेव्हा कुठे डोकं चालू झालं. इतक्या उंचीवरून काढलेल्या फोटोत कमरेएवढी रास दिसूच शकत नाही. ती केसाच्या टोकाहून बारीक येईल. ते एक वेळ सोडा. फोटो वीसेक वर्षांपूर्वीचा. रास व्हर्नने आत्ता रचलेली. फोटो काढला तेव्हा ती रास तिथे नव्हतीच!

रास रचल्याचं मी वहीत वाचलं होतं, हे मान्य. मनाने रचली म्हणा. पण डब्याबद्दल कुठेही एक अक्षर नव्हतं.

तासाभराने मी फोटो घेऊन प्रोफेसरांकडे गेलो. "मला वाटतं हा असावा."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "का हा? बाकीचे दहा का नाहीत?"

आता काय सांगणार? भारतातून आलेला पोरगा, वर्षभराची नोकरी, आणि म्हणे फोटोत दिसलं... मी म्हणालो, "आकारावरून."

"आकार मला दिसलाच नव्हता. समिती कारण मागते. मला कारण आणून दे."

ते बरोबरच बोलत होते. बाबाही हेच म्हणाले असते.

जेवायला गेलो तर डोरोथीचा नेहमीचा प्रश्न. मी पहिल्यांदाच उलटा प्रश्न केला, "मिसेस हॉलबेक, त्या प्रवासाबद्दल ते तुम्हाला काही बोलले होते का? काहीही चालेल. काय खाल्लं, काय मोडलं..."

"मोडलं म्हणजे? सगळंच मोडायचं, म्हणून तर ह्याला न्यायचे." ती हसली. "निघायच्या आदल्या दिवशी ते मोजायचं चाक मोडलं होतं. ह्याने आमच्या लिंडाच्या जुन्या सायकलचं चाक लावलं. गॅरेजमधलं, स्पेअर म्हणून इथूनच नेलं होतं. लिंडा अजून चिडवते, माझं चाक साउथ पोलला गेलं आणि मी अजून ओहायोतच."

माझा चमचा हवेतच राहिला. "केवढं होतं ते चाक?"

"मुलीच्या सायकलचं असतं तेवढं. चोवीस इंची."

मी सूप तिथेच सोडून पळालो. मागून डोरोथी ओरडली, "अरे, पावाचा तुकडा तरी!"

सर्व्हेचं मूळ चाक सव्वीस इंची होतं. चाक लहान, म्हणजे तेवढ्याच वाटेला फेरे जास्त. प्रोफेसरांनी फेरे जुन्या मापाने गुणले होते. त्यांना चाक बदलल्याचं व्हर्न सांगायला विसरला, की वादळात राहून गेलं, कोण जाणे. बावन्नला चोवीसने गुणा, सव्वीसने भागा... अठ्ठेचाळीस. मी पट्टी लावली. वहीतल्या दिशेने, अठ्ठेचाळीस मैलांवर, पेन्सिलीचं टोक माझ्या टाचणीच्या भोकात गेलं.

प्रोफेसरांनी गणित दोनदा तपासलं. चष्मा काढून पुसला. "त्याने ते चाक माझ्यासमोर बसवलं असणार," ते म्हणाले. "मी बघितलं नाही. मेकॅनिकच्या हाताकडे कोण बघतं?" मग सही केली. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं की या मेकॅनिकने एका आंधळ्या माणसाला अठ्ठेचाळीस मैल घरी आणलं. एवढं साधं, एवढं पुरेसं कारण मी त्या ढिगाऱ्यातल्या दुसऱ्या कुठल्याच कागदावर वाचलं नाही.

उन्हाळ्यात नाव मंजूर झालं. हॉलबेक नुनाटक. मी मंजुरीचं कार्ड घेऊन काउंटरवर गेलो. डोरोथीने हात पुसले, वाचलं, आणि मागे रांग असतानाही पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नकाशाची एक प्रत मी बाबांना पाठवली. त्यांचं उत्तर शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात आलं : "नकाशा भिंतीवर लावला आहे. येणाऱ्याला दाखवतो की हा डोंगर मिस्तरीचा आहे."

गोष्ट इथे संपली असती तर मी ही पोस्ट लिहिली नसती. गणिताने जागा सिद्ध झाली होती. दिसलेलं मी डोळ्यांच्या थकव्यावर ढकललं होतं.

पुढच्या सीझनला आमची दुसरी टीम तिकडून गेली आणि मुद्दाम त्या खडकावर थांबली. मार्चमध्ये त्यांची स्लाइड आली. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. नुनाटकच्या खांद्यावर रास. खाली तीन रुंद चपटे दगड. वरच्या दगडाखाली लाल डबा.

डब्यात थोडे नट-बोल्ट होते आणि एक चिठ्ठी. त्यावर तारीख, दोघांची नावं, आणि खाली : "प्रोफेसर ठीक आहेत. कॉफी संपली."

मग मात्र राहवलं नाही. डोरोथीच्या सुट्टीच्या वेळी तिला कॅफेटेरियाच्या कोपऱ्यात बसवून मी सगळं सांगितलं. आधी दिसलं, मग टोचलं, चाकाचं गणित नंतर. मला वाटलं ती हसेल, नाहीतर रडेल. तिने स्लाइड उजेडात धरली.

"कॉफीचा डबा," ती म्हणाली. "नट-बोल्ट त्यातच ठेवायचा." मग माझ्याकडे बघून अगदी सहज म्हणाली, "कुणी काही शोधत बसलं की व्हर्नला बघवायचं नाही, हनी. हातातलं काम टाकून उठायचा. 'सरक,' म्हणायचा, 'मी दाखवतो.'"

आता मी प्लेनो शहरात असतो, रिटायर झालोय. मुलीला हे सांगितलं तर म्हणते, "बाबा, दॅट्स जस्ट युअर ब्रेन." असेल. लाल रंगाचं काय, विचारलं तर खांदे उडवते. मीही तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

ते जुने फोटो पुढे डिपार्टमेंटने टाकायला काढले, तेव्हा तो एक मी मागून घेतला. आजही भिंगाखाली घालून बघतो. नुसता खडक दिसतो. फोटो खिडकीशी धरला की टाचणीच्या भोकातून उजेडाचा एक कण येतो. बाबा विचारायचे, तू स्वतः पाहिलं का? हो बाबा, पाहिलं. कसं, ते मला आजही सांगता येत नाही.