घासूमामांनी ट्रंपेट धुतला

मामांचा जन्म गेला चष्म्याच्या दुकानात, काचा घासण्यात. दुकान सुटलं, पण ते हातांना कुणी सांगितलंच नाही. चहा पोटात गेला की हात शिवशिवायचे, आणि मग घरात काळं पडलेलं, हिरवं चढलेलं जे काही दिसेल त्याची धडगत नसायची. पितळ असलं तर लिंबाची फोड मिठात बुडवून रगडायची. तांब्याला पीठ, मीठ आणि व्हिनेगरचा लगदा. चांदीला गरम पाण्यात सोडा. नळ, कड्या, बिजागऱ्या, मामींच्या शिवणयंत्राचं चाक, काही म्हणता काही सुटलं नाही. सासूबाईंनी दिलेल्या घड्याळाची सोनेरी चौकट तर एवढी घासली की खालून पत्रा निघाला. सासूबाई तेव्हा समोरच बसल्या होत्या. गल्लीनं नाव ठेवलं घासूमामा. मामांना ती पदवीच वाटायची.

जावई बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, पहिल्या रांगेत. एका दुपारी तो ट्रंपेट काखेत मारून, तोंड पाडून आला.

"काय जावईबापू, कुणी गेलं का?"

"मी जातोय मामा. मागच्या रांगेत. बँडमास्तर म्हणाले, संध्याकाळी हे भांडं असंच काळंकुट्ट दिसलं तर हातात झांजा देईन."

"अगं बाई!" मामी म्हणाल्या. "लेकीनं मैत्रिणींची पलटण बोलावलीय बघायला. तिथं तुम्ही झांजा बडवणार?"

"आणा इकडं," मामा म्हणाले, आणि बाह्या सरसावल्या.

लिंबू, मीठ, लगदा, जुनी बनियन. मामांनी घाम गाळला, पण ट्रंपेट असा लखलखला की जावयाला त्यात स्वतःचे दात दिसले. इथं थांबायला हवं होतं. पण मामांनी एक डोळा मिटून आत पाहिलं.

"काय हे! जावईबापू, तुम्ही ह्यात फुंकता की थुंकता?"

असं म्हणून त्यांनी फुंकायच्या टोकाला बूच ठोकलं, भोंगा वर केला आणि व्हिनेगरची अख्खी बाटली आत रिकामी केली.

जावई ट्रंपेटकडे झेपावला. "मामा, सोडा!"

मामा हरखले. "बघा, संगतीनं शिकलात! मी तर अजून सोड्याचं नावही काढलं नव्हतं." आणि मूठभर सोडा आत गेला.

ट्रंपेट फसफसला.

"अहो मामा, सोडा! सोडा ना!"

"आणखी? दमानं घ्या हो," मामा म्हणाले, आणि डबाच उपडा केला.

पुढं जे झालं ते पुसायला मामींना दोन चादरी लागल्या. भोंग्यातून फेस उसळला, बूच उडून छताला लागलं, आणि मामा मिशांसकट पांढरे झाले.

"आदर नडला तुमचा!" मामी जावयावर ओरडल्या. "सरळ 'सोड की म्हाताऱ्या' म्हणाला असतात तर ट्रंपेट वाचला असता!"

धुतला, पुसला, झटकला. चकाकी जशीच्या तशी, पण बोटांनी दाबायच्या तिन्ही कळा आत रुतून बसलेल्या. फुंकलं तर नुसता पाण्याचा गुळगुळ आवाज.

संध्याकाळी चौकात बँडमास्तरांनी ट्रंपेट उलटासुलटा पाहिला, त्यात बघून भांग नीट केला आणि खूष झाले. जावयानं हळूच त्यांच्या कानात खरं काय ते सांगितलं.

"वाजत नाही ना? मग गाल फुगव," मास्तर म्हणाले. "पण पुढंच राहा. दिसतोय किती!"

बँड सुरू झाला. जावई पहिल्या रांगेत, गाल टम्म, बोटं मेलेल्या कळांवर नाचतायत. मध्येच भोंग्यातून एखादा बुडबुडा निघायचा आणि दिव्याखालून तरंगत जायचा. लेकीच्या मैत्रिणी टाळ्यांवर टाळ्या पिटत होत्या.

गर्दीत मामांनी मामींना कोपरानं ढोसलं.

"ऐकलंस? आतून साफ केल्यावर सूर कसा मोकळा सुटलाय!"