आगाऊ शुभेच्छा

जर्मनीतल्या कारखान्यात कामासाठी येऊन मला दुसरा महिना लागला होता. शेजारच्या टेबलावरचे क्लाउस केसाएवढा फरकही मोजून पकडायचे. शुक्रवारी निघताना मी म्हटलं, "रविवारी तुमचा वाढदिवस ना, शुभेच्छा आत्ताच देऊन ठेवतो."

त्यांचा चेहरा उतरला. "आधी नाही द्यायच्या," ते हळूच म्हणाले, "अपशकुन होतो." आणि त्यांनी लाकडी टेबलावर तीनदा बोटं वाजवली.

सगळं मोजून घेणाऱ्या या माणसानं पुढचे दोन दिवस मात्र गृहीत धरले नव्हते. माझी आईही घराबाहेर पडताना कुणाला 'जातो' म्हणू देत नाही.

दारात थांबून मी क्लाउसना मराठीतच म्हटलं, "येतो."