आजीसाठी कोणीतरी रडायला हवं होतं

आजी हयात असताना तिच्या निधनाची पाच कार्डं मी स्वतःच्या हातानं लिहिली, आणि पेटीत टाकण्यापूर्वी ती तिनं तपासून दिली.

ती खरोखर गेली त्याला आता महिना झाला. भेटायला येणारे तिच्या कष्टांबद्दल बोलतात. बोलायलाच हवं, विधवा झाल्यावर एका हातमागावर तिनं चार मुलं वाढवली. मीही मान हलवतो. पण मनात ती कार्डंच येतात आणि मला तोंडावर पंचा धरावा लागतो. (लोकांना वाटतं, नातू फार हळवा आहे.)

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. आजी पासष्टीची. मी नुकताच शाळेत मराठीचा मास्तर झालेलो, म्हणजे स्वतःच्या भाषेवर भलताच खूश. एका सकाळी नागपुरातल्या आमच्या घराच्या अंगणात आजी ताणलेल्या सुताला भाताची खळ लावत होती. भाताच्या आशेनं एक कावळा आला, आणि खळीचं भगुणं सोडून थेट आजीच्या डोक्यावर बसला!

शेजारच्या सखूबाईनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई वं! डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरणच आलं! आता एकच इलाज हाय. मेल्याची खोटी खबर धाडा लागते. नातेवाईक रडले, का मरण टळलं. मंग सांगाचं, का बाई जिती हाय."

"अन् कोणी नाही रडलं तं?"

सखूबाईनं आभाळाकडे बोट दाखवलं.

आजीनं मला बोलावलं. "वसंता, लिही. रडले पायजे असं लिही."

मी लिहिलं. 'मायेची सावली हरपली' वगैरे. आजीनं वाचायला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"सावली काहून? मी का झाड हाय? माह्या हातच्या वड्याचं लिही. सगळ्यात आधी त्याचीच आठवण येईन त्याइले."

वडे घातले. मग तिचे बाळंतिणींचे काढे घातले, चार सुनांशी कधी भांडली नाही हेही घातलं. (आई चुलीपाशी जोरात खोकली.) आता निदान उमरेडचा गोविंदा, आजीचा धाकटा भाऊ आणि घरात सगळ्यांचाच गोविंदामामा, तरी ढसाढसा रडेल अशी आजीची खात्री झाली. नऊ वर्षं दोघांत अबोला होता. त्यामुळे त्याचं रडणं जास्त गुणकारी, असं सखूबाईचं मत पडलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मास्तराला अपुरा मजकूर सहन होत नाही. कोणी लगेच धावत येऊ नये म्हणून मी शेवटी लिहिलं, 'अंत्यविधी उरकला आहे. तूर्त येण्याचे कष्ट घेऊ नयेत. थेट तेरवीला यावे.' तोवर आजी जिवंत असल्याचं दुसरं कार्ड जाईलच की!

ते गेलं नाही. आजीनंच अडवलं.

"कोणी रडल्याची खबर आल्याबिगर दुसरं कार्ड टाकू नोको. अर्धा इलाज झाला तं?"

आम्ही खबरीची वाट पाहत राहिलो. आजी तर डाकवाला दिसला की ओट्यावर येई, "रडलं का गा कोणी?" तो बिचारा लांबून जाऊ लागला. उत्तर कोणाचंच नाही. सगळ्यांना तेरवीचं आमंत्रण पोचलं होतं. पत्र कशाला लिहितील?

तेराव्या दिवशी सकाळी दारात एक ट्रक थांबला. त्यातून सव्वीस माणसं उतरली. सगळ्यांत पुढं गोविंदामामा, काखेत माहेरचं शेवटचं लुगडं. बहिणीच्या अंगावर घालायचं राहिलं, निदान तिच्या नावानं कोणाला द्यावं म्हणून. आणि समोर ओट्यावर आजी, तूर पाखडत!

मामा जागच्या जागी थिजला. आजीनं सूप खाली ठेवलं.

"गोविंदा, रडला का तू?"

"आँ?"

"कार्ड वाचून रडला का नाही?"

"रडाले येळ कुठं भेटला वं बाई! लगनसराई सुरू हाय, मागावर बसून राहिलो दिवसरात."

आजीचा चेहरा उतरला. तेवढ्यात तिची नजर लुगड्यावर गेली. तिनं ते ओढून घेतलं, उजेडात धरलं, बोटानं सूत चाचपलं.

"हे तं मिलचं हाय!"

"घाईत बाई..."

"घाई? तेरा दिवस होते गा तुले! कोष्ट्याच्या पोटचा तू, अन् सख्ख्या बहिणीच्या मयतीले मिलचं लुगडं?"

सव्वीसांपैकी एकाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. "मी इथं येऊन रडनार होती," एक भाची म्हणाली, "पण जेवाचं काय हाय?"

आजी आता खरोखर घाबरली. ती उठली, घरात गेली, जमिनीवर आडवी झाली आणि तोंडावरून पदर ओढून घेतला.

"घ्या. रडा आता!"

सगळे भोवती बसले. प्रयत्न झाला. एकीनं "बाई वं!" असा सूर लावला, पण आतून आजी म्हणाली, "जोरानं," आणि सगळं घर हसायला लागलं. आजी मात्र हसली नाही. तिनं पदर आणखी घट्ट ओढून घेतला.

तेव्हा गोविंदामामानं खिशातून कार्ड काढलं.

"हे कोणं लिवलं?"

इतका वेळ कोणी भाषेबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मी चटकन पुढं झालो, चष्मा सारखा केला आणि नम्रपणे म्हणालो, "मी."

मामानं काडकन थोबाडीत ठेवून दिली. चोवीस वर्षांचा मास्तर मी, सव्वीस पाहुण्यांदेखत! चष्मा तांदळाच्या डब्यामागं गेला आणि माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

आजी ताडकन उठून बसली.

"रडला! सखूबाई वं, रडला! खरं पाणी हाय, पाह्य!"

आणि तिनं मला पोटाशी धरून, नऊ वर्षांनंतर, भावाला चहा विचारला.

आजी पुढं जवळजवळ वीस वर्षं जगली. माझ्या कार्डातल्या भाषेचं नाव आजवर कोणी काढलेलं नाही. घरात सगळे एवढंच म्हणतात, "गोविंदामामाच्या हाताले मोठा गुण!"