हाळीला ओ

आबांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली, तेव्हा मी त्यांना आणि आईला पोलादपूरच्या डोंगरावरच्या वाडीतून महाडला माझ्या घरी आणलं. सहा महिने औषधं झाली, मालिश झालं, पण शब्द फुटेना. बोलायला गेले की भलताच आवाज निघायचा, मग लाजून भिंतीकडे तोंड करायचे. पुढे पुढे त्यांनी प्रयत्नच सोडला.

कुणीतरी संगीतोपचार करणाऱ्या एका मुलीचं सांगितलं. ती दर शनिवारी वीर स्टेशनला उतरून रिक्षाने यायची. मी जन्मभर मास्तरकी केलेली, दुसऱ्याला शिकवायची खोड जाते कुठे? पहिल्याच दिवशी तिच्या हातात अभंगांची यादी ठेवली. तिने छोट्या पेटीवर एक वाजवला. आबांनी डोळे मिटून घेतले. तिने यादी घडी करून पर्समध्ये टाकली आणि आबा काठी जमिनीवर आपटत होते तशी मांडीवर थाप द्यायला लागली. ते थांबले की हीपण थांबायची. मनात म्हटलं, घ्या, एवढ्यासाठी बोलावलं होय हिला!

तिसऱ्या शनिवारी तिने विचारलं, डोंगरावर माणसं एकमेकांना बोलवतात कशी? मी सांगितलं, घरं लांब लांब, मध्ये दरी, म्हणून लांबून ओरडून हाळी देतात. आणि ज्याला हाळी ऐकू आली त्याने ओ द्यायचीच, मग बोलणं बंद का असेना. तिने लगेच हाळी दिली. इतकी गुळमुळीत, की मला हसू आलं. आबांना मात्र ते सहन होईना. त्यांनी तोंड उघडलं आणि घोगरा, मध्येच तुटलेला आवाज काढला.

तिच्या जागी मी असते तर चूक सुधारायला धावले असते. तिने तोच आवाज, तसाच तुटका, परत दिला आणि खाली पेटीचा एक सूर धरला. आबांनी पुन्हा काढला, जरा लांब. तिनेही लांबवला. ठरलेलं काही नाही. समोरून येईल ते घ्यायचं आणि त्याचंच गाणं करायचं. या पोरीला मी यादी देत होते, कपाळ माझं! शरम वाटली, आणि तिचं अपार कौतुकही वाटलं.

चौथ्या हाळीला आबांचा आवाज चढला आणि शेवटी स्वच्छ शब्द आला, "गो."

सबंध संसारात आईला त्यांनी एवढंच म्हणून बोलावलं होतं, नावाने कधीच नाही. मागच्या दारी भांडी घासणाऱ्या आईने सवयीने ओ दिली. मग तिच्या लक्षात आलं. साबणाच्या हातांनी ती आत आली आणि त्यांच्यासमोर बसली.

"किती येळ लावलात," ती आबांना म्हणाली. "मला वाटलं, आता मला कोण बोलवायचं नाय."